पाहोल: पाहाल तर पोकळ दिसेल

पाहोल म्हणजे सी भाषेतल्या रचना मेमरीत कशा मांडल्या आहेत ते दाखवणारं अवजार. त्याच्याशी बहुतेकांची पहिली ओळख भांडणातून होते. कर्नल बिल्डला लावलेला असतो, लॅपटॉपचा पंखा अर्धा तास घोंघावत असतो, आणि अगदी शेवटी लिंकिंगच्या उंबरठ्यावर संदेश येतो की बीटीएफ (कर्नलमधल्या रचनांची आटोपशीर माहिती) तयार करता आलं नाही, पाहोल सापडलं नाही. मग आपण चरफडत ते पॅकेज टाकतो, किंवा कॉन्फिगमधला तो पर्यायच बंद करून मोकळे होतो. मी पाच वर्षं दुसरा मार्ग पत्करला. हे नुसतं बीटीएफचं यंत्र नाही, ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाचा चष्मा आहे, हे मला कळलं ते दोन बाइटांमुळे.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी लिनक्स ड्रायव्हर लिहिते, अठरा वर्षं झाली. आमची पेटी कारखान्यातल्या मोटरच्या बेअरिंगवर बसते आणि तिची थरथर मोजते: तीन अक्षांवरचा संवेदक, एसपीआय या तारेवरून वाचन, लिनक्सच्या आयआयओ या संवेदकांसाठीच्या उपप्रणालीतून बाहेर. जुनी पेटी ३२ बिटी आर्मवर चालते, नवी ६४ बिटीवर. पाहोल मी आता दीड वर्ष जवळपास रोज वापरते. फुकट आहे, जीपीएलखाली आहे, तेव्हा 'पैसे वसूल झाले का' हा प्रश्न नाही. वेळ वसूल झाला का, एवढंच सांगायचं आहे.

तर ते दोन बाइट. आमच्याकडे लातूरचा एक मुलगा नवा लागला होता. पेटीतून येणारा कच्चा डेटा हेक्समध्ये छापून तो टक लावून बघत बसायचा. एक दिवस डबा खाता खाता म्हणाला, "मॅडम, एक्स-वाय-झेडचे सहा बाइट कळले, टाइमस्टॅम्पचे आठ कळले. मधले दोन कुठले?" मी म्हटलं, ते पॅडिंग, सोडून दे. तो म्हणाला, "पण ते बदलतात."

माझा घास तिथेच थांबला.

ज्यांचा या खात्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. सीमध्ये रचना, म्हणजे स्ट्रक्ट, ही पंगत समजा. दोन बाइटचा पाहुणा सम क्रमांकाच्या पाटावर बसतो, चार बाइटचा चाराच्या पटीतल्या. आठ बाइटचा टाइमस्टॅम्प म्हणजे जावईबापू: त्यांना आठाच्या पटीतलाच पाट हवा. पाट शून्यापासून मोजायचे: तीन अक्षांनी ० ते ५ असे सहा पाट अडवले, जावई ८ पासून बसले, मधले दोन पाट रिकामे. कंपायलर ते गुपचूप रिकामे ठेवतो, पंगतीच्या यादीत त्यांचा उल्लेख कुठेच नसतो. आणि ही रचना मी स्टॅकवर (फंक्शनपुरती मिळणारी, न पुसता पुन्हा वापरली जाणारी मेमरी), फंक्शनच्या आतच मांडली होती. म्हणजे त्या दोन पाटांवर मागच्या पंगतीचं उष्टं तसंच पडलेलं. ते उष्टं, म्हणजे कर्नलच्या स्टॅकवर आधी जे काही होतं त्याचे दोन बाइट, प्रत्येक वाचनासोबत मी इमानदारीने बाहेर वाढत होते. सेकंदाला शेकडो वेळा. त्यात एखाद्या पत्त्याचा तुकडा असेल तर कर्नलच्या पोटात काय कुठे आहे याचा माग बाहेरच्याला मिळतो.

ही चूक माझ्या एकटीची नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. २०२० साली आयआयओचे सांभाळकर्ते जोनाथन कॅमरॉन यांनी नेमका हाच दोष ड्रायव्हरांमागून ड्रायव्हरांत दुरुस्त केला होता. मी ते पॅच तेव्हा वाचले नव्हते. आमची पेटी कर्नल ५.४ वर होती, आमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नव्हता, म्हणून झाडूही आमच्या दारापर्यंत आला नाही.

त्या संध्याकाळी मी पाहोल पहिल्यांदा हाताने चालवलं. काम सोपं आहे: डीबग माहितीसकट बांधलेली ऑब्जेक्ट फाइल द्यायची, मोठ्या सीचा (-C) पर्याय देऊन रचनेचं नाव सांगायचं. ते ती रचना सीच्याच वेशात छापतं, पण प्रत्येक सदस्यासमोर तो कितव्या बाइटपासून सुरू होतो आणि किती बाइट खातो हे लिहून. आणि जिथे जागा रिकामी आहे तिथे तीन फुल्या मारून शेरा: दोन बाइटचं भोक, आवळायचा प्रयत्न करा. खाली हिशेब: एकूण माप, सदस्यांची बेरीज, भोकं किती, भोकांची बेरीज, कॅशलाइन (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीच्या ओळी) किती. आमच्या रचनेचं माप १६, सदस्यांची बेरीज १४, भोक एक. ज्या गोष्टीकडे मी पाच वर्षं डोळे लावूनही पाहिलं नव्हतं ती एका ओळीत.

इंग्रजीत या नावाचा उगम 'भोक पाडा' या अर्थाच्या शब्दखेळात आहे. 'पोक अ होल' भरभर म्हणून बघा, मराठीत सरळ 'पोकळ' ऐकू येतं. आमच्या ऑफिसात आता क्रियापद झालंय: "ती रचना पोकळून बघितलीस का?"

बनवणारे गृहस्थ ब्राझीलचे कर्नल-कार्यकर्ते, आर्नाल्दो कार्व्हालो दि मेलो. डीबग माहितीच्या ज्या स्वरूपाला ड्वार्फ, म्हणजे बुटका, म्हणतात, त्यावर काम करणारी ही सगळी अवजारं, म्हणून त्या गाठोड्याचं नाव ड्वार्व्ज. २००७ साली ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यांनी या बुटक्यांवर निबंध सादर केला. त्यातला कोडिफ नावाचा आणखी एक बुटका मला आवडतो. दोन बिल्ड शेजारी ठेवले की कुठल्या रचनेचं माप किती बदललं ते तो सांगतो, आणि कुणी हळूच एक फील्ड घुसवलं की पकडतो. बाकीच्या बुटक्यांना मी कधी कामाला लावलं नाही.

आता खरी परीक्षा. पाहोल वापरायला लागल्यावर पहिला आठवडा माणूस झपाटतो. भोक दिसलं की बुजवावंसं वाटतं. नव्या पेटीच्या ड्रायव्हरमधली माझी एक रचना घ्या: एक बाइटचा ओळखक्रमांक, मग पॉइंटर, मग एक बूल, चार बाइटचा वेग, एक बाइटची श्रेणी, आठ बाइटची शेवटची वेळ, दोन बाइटचा मोजक. डोक्यात जसं आलं तसं लिहिलेलं. ६४ बिटीवर सदस्यांची बेरीज २५ बाइट, आणि रचनेचं माप ४८! सात, तीन आणि सात बाइटची तीन भोकं, शेवटी सहा बाइटचं शेपूट. पाहोलला 'रिऑर्गनाइझ'चा पर्याय दिला की तेच मांडणी करून देतं, मागचे बारके सदस्य भोकांत सरकवून. पायरी पायरीने काय हलवलं तेही हवं तर दाखवतं. नवं माप ३२. भोक एकही नाही. मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला.

मग डोकं थंड झाल्यावर हिशेब केला. पेटीत संवेदक चार. प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे एकूण ६४ बाइट वाचवले. अर्धा दिवस घालवून. आणि तेही कागदावरच, कारण केमॅलॉक, म्हणजे कर्नलमधला मेमरी वाटणारा, ठरावीक मापाच्या वाट्यांमधूनच वाढतो, आणि कर्नल ६.५ येईपर्यंत ६४ बिटी आर्मवर सर्वांत छोटी वाटीच १२८ बाइटची होती. नव्या पेटीचा कर्नल तेव्हा ६.१. अठ्ठेचाळीस मागा नाहीतर बत्तीस, वाटी तीच. म्हणजे चहा फुकट गेला.

आवळण्याचा फायदा होतो तो जिथे रचना हजारांनी असतात तिथे. आमच्या रिंगमध्ये, म्हणजे नोंदी साठवण्याच्या गोल रांगेत, ४०९६ नोंदी आहेत. तिथे नोंदीमागे १६ बाइट वाचले तर ६४ किलोबाइट, आणि छोट्या पेटीत ते जाणवतात. एका यंत्रामागे एक अशी रचना असेल तर सदस्य वाचणाऱ्याला समजतील अशा क्रमाने ठेवा आणि गप्प बसा, हे माझं मत.

गप्प न बसल्याचं फळही मी चाखलं आहे. त्याच झपाट्यात जुन्या पेटीच्या ड्रायव्हरची मुख्य रचना पाहोलच्या सल्ल्याने फेरमांडली. एसपीआयवरून येणारा डेटा ज्यात उतरतो तो १९२ बाइटचा बफर, ३२ नमुने गुणिले सहा, शेपटाला स्वतंत्र बसला होता. फेरमांडणीत तो एका झेंड्याच्या (फ्लॅगच्या) आणि एका मोजकाच्या मांडीला मांडी लावून बसला. माप कमी झालं, चाचण्या पास झाल्या, पेटी ग्राहकाच्या कारखान्यात गेली. तीन आठवड्यांनी तक्रार: कधीकधी थरथरीच्या आलेखात एक दात येतो. तासा-दोन तासांतून एकदा, कधी दिवसभर नाही. नीट बघितल्यावर दिसलं की गठ्ठ्यातले पहिले काही बाइट मागच्याच वाचनाचे असतात.

जाणकारांच्या लक्षात आलं असेल. त्या प्रोसेसरवर डीएमए (सीपीयूला वगळून मेमरीत थेट डेटा उतरवण्याची सोय) आणि सीपीयूची कॅश एकमेकांशी बोलत नाहीत. मेमरी कॅशमध्ये ६४ बाइटच्या ओळींनी येते-जाते. झेंडा आणि बफरचं डोकं एकाच ओळीत. डीएमए मेमरीत ताजा डेटा उतरवत असताना सीपीयूने झेंडा हलवला, की त्याच्या कॅशमध्ये ती पूर्ण ओळ जुन्या डेटासकट मळते, आणि मळलेली ओळ मेमरीत परत लिहिली गेली की नुकताच उतरलेला ताजा डेटा त्याखाली गाडला जातो. योग जुळून यावा लागतो, म्हणून तासातून एकदा. आधी बफर स्वतंत्र बसला होता तो योगायोगाने नाही. माझ्या आधीच्या माणसाने जाणून बसवला होता, फक्त तसं लिहून ठेवलं नव्हतं. आणि अलाइनमेंटची खूण लावण्याऐवजी त्याने क्रमावर आणि हाताने टाकलेल्या भरतीच्या अॅरेवर भागवलं होतं. 'रिझर्व्ह्ड' नावाचा तो अॅरे मी "हा कशाला" म्हणत उडवला.

दोष पाहोलचा नाही. रचनेत कोण कुठे बसलं आहे ते त्याला दिसतं, का बसलं आहे ते दिसत नाही. कुठलं फील्ड कुठल्या लॉकखाली आहे, कुठली रचना हार्डवेअर वाचतं, कुठली वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमशी ठरलेली आहे, यातलं काहीही डीबग माहितीत नसतं. पण तो 'आवळायचा प्रयत्न करा' हा शेरा इतक्या अधिकारवाणीने येतो की नवख्याला आज्ञाच वाटते. मी तर नवखीही नव्हते. आता बफरवर आयआयओची डीएमए अलाइनमेंटची खूण आहे, तो नव्या ओळीवरच सुरू होतो, आणि त्याच्या आधी जे मोठं भोक पडतं त्यावरही पाहोल तीन फुल्या मारतं. तळाच्या हिशेबात ते 'सक्तीचं भोक' म्हणून वेगळं मोजतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ते भोक म्हणजे दोन घरांमधली बोळ आहे. तिथे बांधकाम करायचं नसतं. तसं कमेंटमध्ये लिहून ठेवलं आहे, मराठीत नाही, पण ठसठशीत.

आणि दोन बाइटांचं काय केलं? रचनेला नाव दिलं, आधी मेमसेटने पूर्ण जागा शून्य, मग फील्ड भरणं. आरंभी शून्याचा महिरपी कंस लिहिला की भोकंही शून्य होतील अशी हमी सी देत नाही. बहुतेकदा होतात, आणि तेच वाईट, कारण चाचणीत सगळं गोड दिसतं. जीसीसी १२ पासून कंपायलरच स्टॅक शून्याने पुसून देऊ शकतो आणि आमच्या आताच्या कर्नल ६.६ च्या कॉन्फिगमध्ये ते चालूही आहे. तरी मेमसेट ठेवला. उद्या कुणी वेगळ्या कॉन्फिगने बिल्ड केलं तर?

इथवर मांडणीचं झालं. आता जे पाहोलला अजिबात दिसत नाही ते: मेमरी मागताना केलेलं गणित. सुरक्षेच्या दृष्टीने खरा धोका तिथे आहे, म्हणून या अवजारावर विसंबून झोपणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर.

आमच्याकडे गठ्ठ्याची रचना होती: आधी मोजक, मग नोंदींचा अॅरे. जुन्या पद्धतीप्रमाणे अॅरे एक लांबीचा जाहीर केलेला आणि प्रत्यक्षात हवा तेवढा मागवलेला. मागवताना रचनेचं माप अधिक संख्या गुणिले नोंदीचं माप. संख्या येते वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून, ३२ बिटी. नोंद १६ बाइटची. समजा कुणी खोडसाळपणे २६,८४,३५,४५७ नोंदी मागितल्या. गुणाकार होतो ४,२९,४९,६७,३१२. पण ३२ बिटी पेटीत मापाच्या आकड्याचं पात्र ४,२९,४९,६७,२९५ ला भरतं. वरून सांडलेलं गेलं, उरले १६. केमॅलॉकने शीर्षकाचे बाइट अधिक १६ एवढा चिमुकला तुकडा आनंदाने दिला, आणि पुढचा लूप त्यात सव्वीस कोटी नोंदी भरायला निघाला. ही ओळ माझ्याच हातची, आणि कोड रिव्ह्यूत कुणालाच खटकली नव्हती.

उपाय कर्नलमध्ये २०१८ पासून, ४.१८ पासून पडून आहे: स्ट्रक्ट साइज नावाचा मॅक्रो. तो तेच गणित करतो, पण उतू जायची वेळ आली की सर्वांत मोठ्या आकड्यावर अडून बसतो. तेवढी मेमरी कुणाकडेच नसते, केमॅलॉक नल देतो, आपण 'मेमरी नाही' म्हणून परत फिरतो. नुसता अॅरे असेल तर हीच तपासणी करणारे केमॅलॉक अॅरे किंवा केकॅलॉक. ड्रायव्हरमध्ये केमॅलॉकच्या कंसात गुणाकाराची फुली दिसली की मी आता पुढे वाचतच नाही, पॅच परत. मुलं मागून काय म्हणतात मला माहीत आहे.

एक लांबीचा अॅरे काढून रिकाम्या चौकटी कंसांचा खरा फ्लेक्सिबल (लांबी न सांगितलेला) अॅरे केला तेव्हा अजून एक गंमत झाली. आधी रचनेच्या मापात एक नोंद धरलेली होती: आठ अधिक सोळा, चोवीस. म्हणून एका ठिकाणी आमचा कोड 'संख्या वजा एक' नोंदी मागत होता, बरोबरच. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी पूर्ण संख्या मागितली होती, एक नोंद वाया, पण निरुपद्रवी. आता रचनेचं माप आठ झालं, आणि 'वजा एक' वालं ठिकाण माझ्या नजरेतून सुटलं. ३२ नोंदींना लागतात ५२० बाइट, मागितले गेले ५०४. केमॅलॉकने ५१२ ची वाटी दिली. शेवटच्या नोंदीचे अक्ष उरलेल्या आठ बाइटांत मावले आणि टाइमस्टॅम्प शेजारच्या वाटीत सांडला. शेजारी कोण, हे त्या दिवसाच्या नशिबावर.

हे पाहोलला दिसत नाही. रचनेबद्दल ते जे बोलत होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. हे पकडलं केझॅनने, म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या तपासनिसाने, आणि पहिल्याच बूटमध्ये. केझॅन प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइटची सावली ठेवतो, त्यात हे आठ वापरायची परवानगी आहे की नाही याची नोंद असते. ५०४ नंतरच्या सावलीत 'हात लावू नका' लिहिलेलं, हात लागला, बोंब. अहवालात कुठल्या फंक्शनने लिहिलं, तुकडा कुणी मागवला, किती बाइटचा होता, सगळं. मोबदल्यात मेमरीचा आठवा हिस्सा जातो, वेग दीडपट ते तिप्पट मंदावतो, आणि कर्नल फुगून आमच्या बूट विभाजनात मावेना, ते आधी वाढवावं लागलं. ३२ बिटी आर्मवर तो ५.११ पासूनच चालतो, म्हणजे ५.४ च्या काळात मला हा आरसा मिळालाच नसता. ग्राहकाच्या पेटीत केझॅन ठेवणं शक्य नाही. तिथे केफेन्स आहे, अधूनमधून एखाद्या तुकड्यावर पहारा ठेवणारा, दोन मेगाबाइटांत भागवणारा. त्याने आमच्याकडे अजून काही पकडलेलं नाही.

नव्या कर्नलमध्ये अॅरेची लांबी कुठल्या फील्डमध्ये आहे हे रचनेतच सांगायची 'काउंटेड बाय' नावाची खूण आली आहे. ती लावली की पुढची हद्दतपासणी कंपायलर आणि फोर्टिफाय (कर्नलमधल्या कॉपीच्या फंक्शनांची तपासणी) मिळून करतात. आम्ही लावली, पण ती कळायला जीसीसी १५ किंवा क्लँग १८ तरी लागतो. आमच्या जीसीसी १२ ला ती दिसतच नाही. लावताना एक ध्यानात ठेवा: मेमरी मिळाल्याबरोबर आधी मोजक भरायचा, मग अॅरेला हात. केझॅलॉक मेमरी शून्य करूनच देतो, म्हणून त्यातून आलेला मोजक शून्य असतो, आणि शून्य लांबीच्या अॅरेत लिहायला गेलात तर तपासणी तुम्हालाच चोर ठरवेल. आमच्याकडे हे क्लँगने बांधून बघताना झालं.

परत पाहोलकडे. तक्रारी सांगते, कौतुक पुष्कळ झालं.

बिननावाच्या रचना ते आपणहून दाखवत नाही. त्यासाठी वेगळा पर्याय आहे, पण मग पसाऱ्यात आपली कुठली हे शोधत बसा. आणि ड्रायव्हरांत नेमक्या धोक्याच्या रचना फंक्शनच्या आत, बिननावाच्या असतात. मी सरळ नावं ठेवते. दुसरं, हेडरमध्ये रचना आहे पण त्या फाइलमध्ये वापरलेलीच नाही, तर कंपायलर तिची डीबग माहिती टाकत नाही आणि पाहोलला ती सापडत नाही. पहिल्या दिवशी मी स्पेलिंग तपासत बसले होते. तिसरं, कॅशलाइनचं माप ते ज्या यंत्रावर चालतं त्याचं धरतं. तुमच्या बोर्डाची ओळ वेगळ्या लांबीची असेल तर हाताने सांगा, नाहीतर 'इथे ओळ संपली' या खुणा चुकीच्या जागी येतात. पूर्ण कर्नलवर चालवलं तर मेमरीही भरपूर खातं. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर मी एकदा करून बघितलं, परत नाही.

याऐवजी काय? जीसीसीचा पॅडिंगचा इशारा चालू करता येतो, पण कर्नलच्या हेडरांतूनच तो हजारो ओळींचा पूर आणतो, आपली ओळ त्यात वाहून जाते. क्लँग रचनांचं मांडणीपत्रक छापू शकतो, पण वाचायला ते सातबाऱ्यासारखं. कागद-पेन्सिल आजही चालते, मी कॉलेजच्या पोरांना मुलाखतीत तीच देते. मात्र कागदावर एक गोष्ट नेहमी चुकते: वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमशी ठरलेल्या आयऑक्टलच्या (प्रोग्रॅम ड्रायव्हरला आज्ञा देतो त्या कॉलच्या) रचना. चार बाइट, मग आठ बाइट. ३२ बिटी इंटेलवर माप १२, ३२ बिटी आर्मवर १६. दोन बिल्डवर पाहोल चालवून शेजारी ठेवलं की फरक समोर. तिथे भोक कंपायलरवर न सोडता स्वतः नाव देऊन भरायचं आणि शून्य आहे का तेही तपासायचं. 'पॅक्ड'ची खूण लावून सगळं आवळणारे भेटतात, त्यांना मी एवढंच म्हणते की मग त्या वेड्यावाकड्या पत्त्यावरचा आकडा तुकड्यातुकड्यांनी वाचायला लागला की प्रोसेसर तुमच्या नावाने खडे फोडेल.

गुण द्यायचेच तर पाचपैकी चार. एक कापला तो फेरमांडणीच्या त्या आत्मविश्वासाबद्दल, आणि त्यात थोडा राग माझा माझ्यावरचाही आहे. कुठल्या वेळी चालवायचं म्हणाल तर नवी रचना लिहिल्यावर एकदा, आणि पॅच पाठवण्याआधी एकदा. पाहून झालं की जे माप दिसलं ते स्टॅटिक असर्टने कोडमध्ये ठोकून ठेवा, म्हणजे उद्या कुणी फील्ड घातलं तर बिल्डच अडेल.

आमच्या नमुन्याच्या रचनेखाली तसा सोळाचा खिळा आहे. गेल्या महिन्यात लातूरकराला त्यात तापमानाची वाहिनी घालायची होती. आता तो माझ्याआधीच पोकळून बघतो. दोन बाइटचं तापमान त्याने बरोबर त्या रिकाम्या दोन पाटांवर बसवलं, माप सोळाच राहिलं, खिळाही हलला नाही. खुशीत पॅच घेऊन आला. पाहोलचा निकाल दाखवला: भोकं शून्य. पॅचमध्ये खाली एक ओळ लाल होती, त्याने मेमसेट काढून टाकला होता.

"आता भोकच नाही ना मॅडम."

"आणि ग्राहकाने तापमानाची वाहिनी बंद ठेवली तर? मग ते दोन बाइट कोण भरणार?"

तो काही बोलला नाही. चहा व्हायच्या आत पॅच परत आला, मेमसेट जागच्या जागी होता.